भटकी वीज आणि चुंबकसूची : कुलाबा ते अलिबाग

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे १९०६ साली बंद झाली आणि तो वारसा खाडीपलीकडील अलिबागकडे गेला, ही घटना आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासात बहुधा एका वाक्यात सांगितली जाते. शहरात विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या, म्हणून वेधशाळा हलविली, एवढेच ते वाक्य. ते खोटे नाही. परंतु ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्न त्यात दिसत नाही. नाजूक उपकरणास विजेचा उपद्रव होणे ही गोष्ट १९०० च्या सुमारास नवी नव्हती. ती त्याआधी सव्वाशे वर्षांपासून ज्ञात होती आणि तिच्यावरील उपायही उपकरणाच्या पेटीतच सापडला होता. मग त्याच विजेपुढे एका नामवंत वेधशाळेस आपली जागा का सोडावी लागली? या प्रश्नाच्या मुळाशी स्थिर विद्युद्भार आणि वाहता प्रवाह यांतील भेद आहे, व तो भेद नीट ध्यानात घेतल्याशिवाय अलिबागच्या स्थापनेचा अर्थ कळत नाही.

या इतिहासाचा आरंभ पॅरिसमध्ये होतो. चुंबकसूची उत्तम रीतीने कशी तयार करावी या विषयावर फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने ठेवलेले पारितोषिक १७७७ साली कूलंब आणि डच शास्त्रज्ञ फान स्विंडेन यांना विभागून मिळाले. टोकदार खुंटीवर टेकविलेली सूची घर्षणामुळे अडखळते, म्हणून ती रेशमी धाग्याने टांगावी, ही कूलंबची सूचना होती. त्याप्रमाणे तयार केलेली सूची १७८० च्या सुमारास पॅरिस वेधशाळेत बसविण्यात आली आणि तेथील अधिकारी कॅसिनी यांनी तिची निरीक्षणे सुरू केली. सूची इतकी संवेदनाक्षम निघाली की, तिचा उपयोग करणेच अवघड झाले. निरीक्षक सूक्ष्मदर्शकाजवळ डोळा नेऊ लागला की ती हले. पृथ्वीच्या चुंबकत्वातील बदल मोजावयाचे, तर ते मोजण्यासाठी जवळ जाणारा माणूसच नवा बदल घडवून आणी.

कूलंबने याचे कारण शोधले ते असे. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर व कपड्यांवर विद्युद्भार साठतो. तो जवळ आला की, टांगलेल्या सूचीवर प्रवर्तनाने विरुद्ध जातीचा भार ओढला जातो आणि सूची त्याच्याकडे झुकते. शिवाय रेशीम हे उत्तम विद्युद्रोधक; त्यामुळे सूचीवर एकदा आलेला भार निघून जाण्यास वाटच राहत नाही. म्हणून रेशमाच्या जागी धातूची बारीक तार वापरावी, म्हणजे सूची आणि तिची पेटी यांच्यात विजेचा भेद उरणार नाही, असा उपाय त्याने सुचविला. परंतु तार रेशमापेक्षा ताठ. तिला पीळ बसला म्हणजे ती उलट जोर लावते. हा जोर किती, हे ठरविल्याशिवाय तार वापरणे शक्य नव्हते. त्या मोजणीतून १७८४ चा तारेच्या पिळावरील प्रबंध निर्माण झाला, आणि त्या पिळाचाच काटा करून कूलंबने १७८५ साली विद्युद्भारांमधील आकर्षण-प्रतिकर्षणाचा नियम प्रयोगाने दाखविला. ज्या नियमास आज त्याचे नाव आहे त्याच्याकडे जाणारी वाट अशी एका बिघडलेल्या उपकरणातून गेली. भटक्या विद्युद्भाराचा उपद्रव हाच पुढे विद्युद्भार मोजण्याचे साधन झाला, असे म्हटले तरी चालेल.

उपाय तत्त्वतः एकदा सापडल्यावर त्याचा विस्तार होत गेला. फॅरेडेने १८३६ साली धातूच्या जाळीने मढविलेली एक मोठी खोली उभारून, बाहेर कितीही विद्युद्भार दिला तरी आतील नाजूक विद्युद्दर्शकावर काहीही परिणाम होत नाही, हे स्वतः आत बसून पाहिले. तेव्हापासून मापनयंत्राच्या पेटीस धातूचे अस्तर द्यावे, ते जमिनीशी जोडावे, आणि आतील हलणारा भाग त्या अस्तराशी वाहक मार्गाने जोडलेला ठेवावा, हे उपकरणकारांचे नित्याचे तंत्र झाले. चुंबकमापकांत सूचीभोवती तांब्याची जाड पेटी असते. तिचे मुख्य काम सूचीची थरथर लवकर थांबविणे हे होय. पण जमिनीशी जोडलेली असेल तर तीच पेटी बाहेरच्या विद्युद्भारापासून सूचीचे रक्षणही करते. काचेची खिडकी मात्र उरतेच. ती कोरड्या फडक्याने पुसली की काचेवर भार जमतो व सूची काचेकडे ओढली जाते. होकायंत्र वापरणारे जुने मोजणीदार अशा वेळी काचेवर तोंडाची वाफ सोडीत किंवा ओले बोट फिरवीत. ओलाव्याच्या पातळ थरातून भार वाहून जाई आणि सूची आपल्या जागी येई. हा उपाय गावठी वाटला तरी शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे.

येथे हवामानाचा संबंध येतो, व महाराष्ट्रापुरते पाहिले तर तो मोठा चमत्कारिक आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या झरी जामणीसारख्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत लोकरी वा रेशमी कापड, काच, एबोनाइट, आणि आता प्लास्टिक, यांवर घर्षणाने आलेला भार दीर्घकाळ टिकतो. विदर्भातील ज्या महाविद्यालयात रासायनिक तराजू आहे तेथील अध्यापकास हा अनुभव नवा नाही. वजनाची काचेची कुपी कोरड्या कापडाने पुसून लगेच पारड्यात ठेवली की काटा स्थिर होत नाही, आणि थोडा वेळ थांबल्यावर तिचेच वजन निराळे येते. पदार्थ तोच, फरक विद्युद्भाराचा. मुंबईस याच्या उलट. पावसाळ्यातील दमट हवेत प्रत्येक पृष्ठावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि कोणताही भार टिकत नाही. चुंबकमापकास ही हवा सोयीची. पण वातावरणातील विजेचा दाब मोजणाऱ्या विद्युन्मापकास ती अत्यंत गैरसोयीची, कारण तेथे भार टिकवून धरणे हेच काम असते. केल्विनच्या चतुष्पाद विद्युन्मापकात पेटीच्या तळाशी तीव्र सल्फ्युरिक आम्ल ठेवीत ते आतील हवा कोरडी राहावी म्हणून. गंधक, अंबर, पॅराफिन अशा विद्युद्रोधकांचा शोध त्याच कारणाने होत राहिला. म्हणजे एकाच वेधशाळेत एका खोलीतील उपकरणापासून भार घालवावयाचा आणि दुसऱ्या खोलीतील उपकरणावर तो राखावयाचा, असा दुहेरी व्यवहार. कुलाब्यास पुढे वातावरणीय विजेचा जो अभ्यास झाला, त्यात डॉ. एस. के. बॅनर्जी यांचे गर्जनमेघांच्या विद्युत्क्षेत्रावरील १९३० च्या सुमाराचे काम विशेष उल्लेखनीय आहे. मोसमी हवेत विद्युद्रोधन टिकविण्याचे कष्ट त्या कामाच्या पाठीशी आहेत, हे विसरता येत नाही.

आता कुलाब्याकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा १८२६ साली स्थापिली ती खगोलीय वेधांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. चुंबकीय निरीक्षणांचा आरंभ १८४१ साली झाला. गाउसने गटिंगेन येथे लोखंडाचा एकही खिळा न वापरता चुंबकगृह बांधले होते, आणि सर्व जगभर एकाच वेळी निरीक्षणे व्हावीत अशी चळवळ युरोपात सुरू झाली होती. ब्रिटिशांनी तिच्यात भाग घेतला तेव्हा कंपनीच्या वाट्यास सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी आली. सिमला व सिंगापूर येथील काम थोड्याच वर्षांत थांबले. मुंबईचे टिकले. एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे वेधशाळा होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचा कारभार पाहिला, आणि पुढे गणिताचे नामवंत अध्यापक म्हणून ख्याती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे हे विशीतही न आलेले असता १८४० च्या सुमारास येथे सहायक म्हणून दाखल झाले व सुमारे दहा वर्षे राहिले. मराठी विद्वत्तेच्या पहिल्या पिढीचा आधुनिक सूक्ष्म मापनाशी परिचय झाला तो या खोल्यांत. दर तासाला दुर्बिणीतून आरशातील मापपट्टी वाचावयाची, आकडा वहीत टिपावयाचा, रात्रीही तेच. या कामाला पांडित्यापेक्षा चिकाटी अधिक लागते. केरूनानांच्या पुढील आयुष्यातील आकडेमोडीच्या शिस्तीचे मूळ येथे शोधणे गैर होणार नाही.

त्या वेळची चुंबकमापके डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेली होती. डोळ्यांनी वाचावयाच्या या उपकरणांनी एक अशी नोंद करून ठेवली की जिची योग्यता तब्बल दीडशे वर्षांनी कळली. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर आजवर नोंदले गेलेले अत्यंत प्रचंड चुंबकीय वादळ झाले. उच्च अक्षांशांवरील अनेक उपकरणांची नोंद मापपट्टीबाहेर गेली. विषुववृत्ताच्या जवळ असलेल्या कुलाब्यास मात्र क्षितिजसमांतर घटकाची घट पूर्णपणे वाचता आली. ती सुमारे १६०० गॅमा होती. हा घटक तेथे सुमारे ३७ हजार गॅमा असतो आणि शांत दिवशी त्यात होणारे चढउतार काही दशक गॅमांच्या पलीकडे क्वचितच जातात, हे पाहिले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. त्सुरुतानी, गोन्झालेस, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी २००३ साली याच नोंदीच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मांडली. त्यांपैकी शेवटचे दोघे भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील. एका कारकुनाने वहीत लिहिलेले आकडे विश्वासार्ह असतील तरच हे शक्य होते. आणि आकडे विश्वासार्ह असण्यासाठी उपकरणाभोवती परक्या लोखंडाचा, परक्या भाराचा, परक्या प्रवाहाचा संसर्ग नसला पाहिजे.

१८६५ पासून चार्ल्स चेंबर्स यांच्या काळात कामाची व्यवस्था अधिक काटेकोर झाली आणि छायालेखन करणारी उपकरणे आली. दिवसरात्र फिरणाऱ्या कागदावर प्रकाशाचा ठिपका आपली रेघ ओढू लागला. यामुळे माणूस खोलीबाहेर गेला, आणि कूलंबला छळणारा निरीक्षकाच्या अंगावरील विद्युद्भाराचा प्रश्न जवळजवळ मिटलाच. १८९६ साली नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे संचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. एडिंबरो येथे शिकलेले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेले हे पारशी शास्त्रज्ञ १९१९ पर्यंत तेथे होते. त्यांच्या कारकीर्दीतच शहरात वीज आली.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक कुलाब्याहून पायधुनीस जात होता. म्हणजे ट्रामचा रस्ता वेधशाळेच्या दिशेस पूर्वीपासूनच होता. घोड्यांच्या जागी वीज आणावयाची योजना विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की होऊ लागली. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम धावली. नागरिकांच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद होती. वेधशाळेच्या दृष्टीने ती मृत्युघंटा होती, व याचे कारण ट्रामच्या विद्युत्-मंडलाच्या रचनेत आहे.

ट्रामला डोक्यावरील तारेतून सुमारे पाचशे ते सहाशे व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह मिळतो. तो मोटारीतून चाकांत व चाकांतून रुळांत उतरतो आणि रुळांवाटे वीजगृहाकडे परततो. सगळा प्रवाह रुळांतूनच परतला असता, तर वरची तार आणि खालचा रूळ यांतील समान व विरुद्ध प्रवाहांचे चुंबकीय परिणाम दूर अंतरावर बहुतांशी एकमेकांस नाहीसे करते. परंतु रूळ जमिनीत गाडलेले असतात, त्यांचे सांधे पूर्ण वाहक नसतात, आणि ओली जमीन, पाण्याचे नळ, समुद्रकाठची खारट माती प्रवाहास जवळची वाट देतात. काही प्रवाह रूळ सोडून भटकतो. हे भटके प्रवाह नळांचे लोखंड खातात, म्हणून इंग्लंडच्या व्यापार मंडळाने परतीच्या रुळांतील कोणत्याही दोन बिंदूंमधील विद्युद्दाबाचा फरक सात व्होल्टांहून अधिक असू नये असा नियम केला होता. नळांच्या रक्षणास तो पुरेसा होता; चुंबकसूचीच्या रक्षणास नव्हता.

हिशेब साधा आहे. एखाद्या लांब मार्गावर शंभर अँपिअर प्रवाह वरच्या तारेतून गेला व तितका परत रुळांतून आला नाही, तर एक किलोमीटर अंतरावर त्याचे चुंबकीय क्षेत्र वीस गॅमा भरते. शांत दिवसाच्या संपूर्ण दैनिक चढउताराशी तुलना करता येईल एवढे हे आहे. शिवाय ते स्थिर नसते. गाडी सुटताना वाढते, उतारावर घटते, थांब्यावर शून्य होते. छायालेखाची बारीक रेघ त्यामुळे केसाळ पट्टा होते. मार्ग उपकरणाच्या पातळीतच असल्याने हे क्षेत्र मुख्यतः ऊर्ध्व दिशेचे असते व ऊर्ध्व घटकाचे उपकरण सर्वांत आधी निकामी होते.

स्थिर विद्युद्भार आणि वाहता प्रवाह यांतील मर्मभेद येथे स्पष्ट होतो. भारास धातूचे अस्तर अडविते. ते कागदाइतके पातळ असले तरी चालते. एकदिश प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र तांब्यातून, पितळेतून, दगडी भिंतीतून बिनअडथळा जाते. ते अडविण्याचे सामर्थ्य एका लोखंडात आहे. पण सूचीभोवती लोखंडी आच्छादन घातले की पृथ्वीचे क्षेत्रही बाहेरच राहते, म्हणजे जे मोजावयाचे तेच जाते. शत्रू आणि पाहुणा एकाच वेषात दाराशी आल्यासारखी ही स्थिती. ट्रामने निर्माण केलेले क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र यांत सूचीच्या लेखी कोणताच भेद नाही. प्रवाह प्रत्यावर्ती असता तर गोष्ट निराळी होती. सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणाऱ्या ओढीस जड सूची दाद देत नाही. परंतु त्या काळच्या ट्रामगाड्यांस एकदिश प्रवाहच हवा होता. तेव्हा अंतर हा एकच उपाय उरला.

हा पेच एकट्या मुंबईचा नव्हता. टोरोंटोची चुंबकीय वेधशाळा १८९८ साली अ‍ॅजिंकोर्ट येथे गेली. लंडनजवळील क्यूचे चुंबकीय काम स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे गेले व ती वेधशाळा १९०८ साली उघडली. टोकियोची १९१३ साली काकिओकास गेली. ग्रिनिच येथील चुंबकीय काम रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे १९२० नंतरच्या दशकात अ‍ॅबिंजरला आणि १९५७ साली तेथूनही हार्टलंडला हलवावे लागले. यांत मुंबईचा क्रम बराच वरचा लागतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. क्यूसारख्या जुन्या ठाण्याच्या आधीच येथे पर्यायी जागा चालू झालेली होती.

मूस यांनी अट घातली की, नवी वेधशाळा सज्ज होईपर्यंत विजेची ट्राम येऊ नये, आणि सरकारने ती मान्य केली, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात व्यक्तिगौरवाचा रंग थोडा गडद असतो. रस्त्याला, कंपनीला आणि वीजगृहाला परवानगी देणारे शासन होते, आणि पैसा शासनाचा होता. संचालकाचा अधिकार सल्ल्याचा. परंतु त्या सल्ल्यातील एक भाग खरोखर थोर दूरदृष्टीचा आहे, आणि तोच कथेत दुर्लक्षिला जातो. तो म्हणजे दोन ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे करण्याचा आग्रह.

अलिबाग कुलाब्याच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रकाठी. ट्रामच्या पाचएक किलोमीटर लांबीच्या मार्गावरील शंभर अँपिअरचा भटका प्रवाह इतक्या अंतरावर एका गॅमाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी परिणाम करील. तो वाचताच येणार नाही. मुंबईपासून जवळ असल्याने चुंबकीय परिस्थितीही फार वेगळी नाही. एक अडचण मात्र होती. कोकणची भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, आणि त्या पाषाणात चुंबकीय लोहखनिज असते. इमारत त्याच दगडाची केली असती तर भिंतीच उपकरणास ओढू लागल्या असत्या. म्हणून पोरबंदरी दगड आणविला आणि लोखंडाच्या जागी तांबे, पितळ वापरले. बदल नोंदणारी उपकरणे एका इमारतीत, तर निरपेक्ष मापनाची दुसरीत, अशी योजना झाली. पहिल्या इमारतीत दिवसरात्र तपमान जवळजवळ सारखे राहावे अशी बांधणी केली, कारण उष्णतेने चुंबकाचे बळ बदलते व तो बदल पृथ्वीचा समजला जाण्याचा धोका असतो. एप्रिल १९०४ पासून अलिबागची निरीक्षणे सुरू झाली.

त्यानंतर सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी झाल्या. हीच ती गोष्ट. दोन ठिकाणांचे चुंबकीय क्षेत्र सारखे नसते. प्रत्येक घटकात काही स्थिर फरक असतो, आणि दैनिक चढउताराच्या आकारातही किंचित भेद असतो. हा फरक मोजून ठेवला नसता, तर १८४१ पासूनची कुलाब्याची मालिका १९०६ साली तुटून पडली असती आणि अलिबागची एक नवी, पूर्वजहीन मालिका सुरू झाली असती. फरक मोजल्यामुळे दोन्ही जोडता आल्या. ऋतुमानाचे परिणाम दोनदा पाहता यावेत, शांत आणि वादळी असे दोन्ही प्रकारचे दिवस सापडावेत, यासाठी एक वर्ष पुरेसे नव्हते. शासनास दोन ठिकाणचा खर्च दोन वर्षे सोसावयास लावणे सोपे नसते. ट्राम अद्याप रस्त्यावर आलेली नसताना, म्हणजे आपत्ती प्रत्यक्ष दिसत नसताना, हे करवून घेतले गेले, यात मूस यांचे खरे कर्तृत्व आहे. त्यांनी १९१० साली १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या चुंबकीय निरीक्षणांचा दोन भागांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील कोष्टके पाहणाऱ्यास एका संपणाऱ्या पर्वाचा हिशेब चुकता करण्याची वृत्ती जाणवते. कुलाबा तेथून रिकामे झाले असे नाही. हवामानाचे आणि भूकंपाचे काम तेथेच राहिले.

वेधशाळा कुलाब्यासच राहिली असती तर काय झाले असते, हा तर्क निरर्थक नाही. ट्रामगाड्या मुंबईतून ३१ मार्च १९६४ रोजी गेल्या. पण तत्पूर्वीच ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर पंधराशे व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर चालणारी रेल्वे सुरू झाली आणि १९२८ साली कुलाबा-बोरिवली मार्गही तसाच झाला. ट्रामपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह घेणारी ही गाडी थेट कुलाबा स्थानकापर्यंत येत असे. ते स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले, तरी चर्चगेटपर्यंतची वाहतूक राहिलीच. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील एकदिश प्रवाह जाऊन पंचवीस हजार व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह पूर्णपणे आला तो पश्चिम रेल्वेवर २०१२ साली आणि मध्य रेल्वेवर २०१६ साली. म्हणजे शतकाहून अधिक काळ कुलाब्यास शांत रात्र अशी फक्त गाड्या बंद असतानाचीच मिळाली असती.

या संदर्भात जपानचे उदाहरण बोधक आहे. काकिओका वेधशाळेस एकदा टोकियोतून हलविल्यावर तेथील शासनाने तिच्या आसमंतात एकदिश प्रवाहाची रेल्वे येऊ दिली नाही. टोकियोहून ईशान्येस जाणारा जोबान मार्ग तोरिदेच्या पुढे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो, आणि गाड्यांना दोन्ही प्रकारची सामग्री वाहावी लागते ती या वेधशाळेकरिता. मुंबईने वेधशाळा दूर नेली. जपानने ती नेली आणि नंतर रेल्वेलाही वळण लावले. पहिला उपाय स्वस्त, पण तो पुन्हा करावा लागण्याची शक्यता नेहमी उरते. अलिबाग हे आता पूर्वीचे निवांत गाव राहिलेले नाही, हे तेथे जाणाऱ्या कोणासही दिसते.

अलिबागच्या मालिकेचा उपयोग केवळ सूर्यावरील वादळांच्या अभ्यासास होतो असा समज आहे. तो अपुरा आहे. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९०१ ते १९२० या काळात देशाचे चुंबकीय सर्वेक्षण केले, तेव्हा डेहराडून, बराकपूर, कोडाइकनाल या ठाण्यांबरोबर मुंबईच्या बाजूचे आधारठाणे हेच होते. क्षेत्रात फिरणाऱ्या मोजणीदाराने दुपारी घेतलेले माप आणि सकाळी घेतलेले माप यांत पृथ्वीच्या दैनिक बदलामुळे फरक पडतो. तो फरक स्थिर वेधशाळेच्या नोंदीवरून वजा केल्याशिवाय खडकाविषयी काहीच म्हणता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात याचे महत्त्व सहज पटते. जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. परंतु झरी जामणी तालुक्यात मुकुटबनच्या परिसरात तो संपून पैनगंगा श्रेणीचा चुनखडक उघडा पडतो. चुनखडक जवळजवळ चुंबकरहित, काळा पाषाण चुंबकीय. त्यांच्या सीमेवर चुंबकमापक घेऊन चालणाऱ्यास काही पावलांतच क्षेत्र बदललेले आढळते. हा बदल जमिनीतील आहे, की त्या तासात आकाशातून आलेला आहे, की जवळच्या विजेच्या वाहिनीचा आहे, हे तिन्ही प्रश्न त्याला एकदम सोडवावे लागतात. तिसऱ्यासाठी तो वाहिनीपासून दूर सरकतो आणि खिशातील चाकू व किल्ल्या काढून ठेवतो. दुसऱ्यासाठी तो स्थिर ठाण्याच्या नोंदीकडे वळतो. आता हे ठाणे विदर्भास जवळ म्हणून नागपूरचे असू शकते, कारण भारतीय भूचुंबकत्व संस्थेने तेथेही वेधशाळा चालविली आहे. १९७१ साली स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मूळ कुलाब्याच्याच चुंबकगृहात आहे.

क्वार्ट्झच्या धाग्याने टांगलेले चुंबक जाऊन आता प्रोटॉनच्या आवर्तनावर आणि विद्युत्-मंडलांवर चालणारी मापके आली आहेत. त्यांत टांगलेला, भाराने ओढला जाणारा भाग नसल्याने कूलंबचा जुना प्रश्न तेथे उरत नाही. तो उपकरणाच्या दुसऱ्या टोकास गेला आहे. सूक्ष्म विद्युत्-घटकांना कोरड्या हवेत माणसाच्या बोटावरील भाराची एक ठिणगी पुरते, म्हणून ते हाताळणारा कामगार मनगटास जमिनीशी जोडलेली पट्टी बांधतो. पॅरिसच्या तळघरात सूचीला जी वाट तारेने दिली गेली, तीच वाट ही पट्टी माणसाला देते. ट्रामने निर्माण केलेला प्रश्न मात्र नव्या मापकांनाही जसाच्या तसा लागू आहे. प्रोटॉन काय किंवा पोलादाची सूची काय, तिला पृथ्वीचे क्षेत्र आणि रुळांतून निसटलेल्या प्रवाहाचे क्षेत्र यांतील फरक आजही ओळखता येत नाही.